फोटो काढल्यानंतर

प्रश्न साधा होता, आणि विचारणाऱ्या भुरीबाईच्या आवाजाला कसलीही धार नव्हती. मुलींच्या वसतिगृहात ती पंधरा वर्षे भाकऱ्या थापत आली होती. प्रदर्शन पाहायला निघालेल्या मुलींबरोबर कुणी वडीलधारे माणूस हवे म्हणून तिला धाडले होते. मुली भराभर पुढे सरकल्या, मोबाइलवर एकमेकींचे फोटो काढू लागल्या, आणि ती मात्र सतराव्या छायाचित्रापाशी थांबून राहिली. उत्तर कोरियातल्या कुठल्याशा गोठलेल्या नदीत, बर्फाला भोक पाडून, एक बाई कपडे धूत होती. हात कोपरापर्यंत लाल झालेले, बाजूला पिळ्यांचा ढीग, आणि मान वळवून तिने कॅमेऱ्याकडे पाहिलेले. त्या पाहण्यात राग नव्हता, हसूही नव्हते. हातातले काम मध्येच थांबवावे लागलेल्या माणसाची किंचित घाई तेवढी होती. भुरीबाईने आपला हात काचेपासून बोटभर अंतरावर धरला, जणू पाण्याची थंडी तिथपर्यंत येते का ते पाहावे तसा, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या हेमराजकडे न बघताच म्हणाली, "फोटो काढावर हिले कोनी काही करं नही ना, भाऊ?"

"नही, मावशी. काहीच नही," हेमराज म्हणाला. ती समाधानाने मान हलवून अठराव्या चित्राकडे गेली, आणि हेमराज तिथेच उभा राहिला. आपण हे कशाच्या भरवशावर सांगितले, हे त्याला कळेना. तो देश त्याने पाहिला नव्हता, ती नदी त्याला ठाऊक नव्हती, त्या बाईचे नाव तर फोटो काढणाऱ्यालाही कदाचित माहीत नसेल. तरी उत्तर तोंडातून असे सहज बाहेर पडले होते, जसे वर्षानुवर्षे तयार ठेवलेले असावे आणि कुणी मागितले नव्हते म्हणून पडून राहिलेले असावे. दोन दिवसांत हजारभर माणसे या सभागृहातून फिरून गेली होती. त्यांनी पुष्कळ विचारले, पुष्कळ सांगितले. हे मात्र एकाही माणसाने विचारले नव्हते, आणि ज्याने स्वतःच्या हातांनी ही चाळीस छायाचित्रे खोक्यातून काढून, पुसून, ओळीने टांगली होती त्या हेमराजच्याही मनात ते आले नव्हते.

प्रदर्शन पुण्याहून आले होते. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या चारुलता मॅडमनी चार महिने पत्रव्यवहार करून ते नंदुरबारला आणवले. एका युरोपीय छायाचित्रकाराने त्या बंदिस्त देशात सहा वेळा जाऊन काढलेली ही दैनंदिन जगण्याची चित्रे. त्याच्यासोबत नेहमी दोन सरकारी मार्गदर्शक असत, कुठे बघायचे आणि कुठे बघायचे नाही ते सांगणारे. सुरुवातीच्या फलकावर मॅडमनी ते मोठ्या अक्षरांत लिहिले होते. हेमराज सव्वीस वर्षे फोटो काढत होता. गावात त्याचा स्टुडिओ होता आणि जिल्ह्याच्या एका दैनिकासाठी तो बातम्यांची छायाचित्रे पुरवत असे. खोके उघडले त्या दुपारी तो जेवायला घरी गेलाच नाही. एकेक चित्र हातात घेऊन तो उजेडाकडे जात होता आणि परत येत होता. खांद्यावर बंदूक आणि काखेत कोबीचा गड्डा घेतलेला एक शिपाई. उत्सवाच्या रांगेत उभ्या असलेल्या दोनशे मुलांतला, नेमका एकच, नाकात बोट घातलेला मुलगा. भव्य पुतळ्यासमोर नव्हे, पुतळ्याच्या पाठीमागच्या सावलीत, सायकलची साखळी काडीने बसवणारा म्हातारा. दोन माणसे मानेवर बसलेली असताना या पठ्ठ्याने हे पाहिले कसे, याचे हेमराजला राहून राहून नवल वाटत होते. दाखवलेले त्याने घेतलेच होते, नाकारले नव्हते, पण दाखवणाऱ्यांचे लक्ष जिथे नव्हते त्या कडेला जगणे कसे गुपचूप चालू असते ते त्याने टिपले होते. असे एखादे तरी आपल्या हातून निघाले असते, असे हेमराजला मनापासून वाटले, आणि त्या वाटण्यात मत्सर नव्हता. मोठ्या गवयाची मैफल ऐकून घरी परतणाऱ्या माणसाला जे वाटते ते होते.

लोक आले ते आपापली नजर घेऊन आले. कोपर्लीचे सुपडू अण्णा नातवाच्या प्रवेशाच्या कामाने कॉलेजात आलेले, ते सावली बघून आत शिरले आणि रुंद, रिकाम्या हमरस्त्याच्या चित्रापुढे काठी टेकून म्हणाले, "रस्ता देख रे भो, एकबी खड्डा नही शे." शेजारच्या पोराने त्यांना लगेच गाठले, "अण्णा, गाड्याच नही शेतस, ते खड्डा कथाईन पडतीन?" त्यावर सगळे हसले, अण्णाही हसले, पण रस्त्याकडे बघणे काही त्यांनी सोडले नाही. कुणी म्हणाले, असा कडक माणूस आपल्याकडे हवा. कुणी म्हणाले, तुला तिथे नेऊन सोडतो, आठ दिवसांत परत ये म्हणजे झाले. अभिप्रायाच्या वहीत एका पानावर लिहिलेले होते, 'सगळे नाटक आहे, कुणीही हसत नाही,' आणि पुढच्याच पानावर दुसऱ्या अक्षरात, 'सगळे नाटक आहे, जो तो हसतो आहे.' आणखी एकाने प्रदर्शन उत्तम असून पंख्याची सोय करावी अशी सूचना केली होती. मात्र नववीतल्या मयूरी नावाच्या मुलीने लिहिले होते, 'बसथांब्यावरच्या मुलीचा एक बूट फाटला आहे. तिने तो पाय मागे घेतला आहे.' ते वाचून हेमराज पुन्हा त्या चित्राकडे गेला. खरेच होते. टांगताना, पुसताना, चार वेळा पाहूनही त्याला तो बूट दिसला नव्हता. माणसे किती बघतात, असे त्याच्या मनात आले. आपण समजतो त्याच्याहून फार जास्त बघतात, आणि त्यातले बरेचसे न बोलता सोबत घेऊन जातात.

शनिवारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी अधिकारी येणार, गावातले प्रतिष्ठित येणार, आणि दाराजवळच्या भिंतीवर आपल्या जिल्ह्याचे म्हणून एक छायाचित्र असावे अशी चारुलता मॅडमची इच्छा होती. कोणते, हा प्रश्नच नव्हता. नऊ वर्षांपूर्वी हेमराजला राज्यपातळीवरचे बक्षीस मिळवून देणारे ते छायाचित्र स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर चौकटीत होते. पासपोर्ट फोटोसाठी बसणारे प्रत्येक गिऱ्हाईक हनुवटी वर करता करता त्याच्याकडे बघत असे. धडगावच्या पुढे, नर्मदेच्या अंगाला उतरणाऱ्या डोंगरात, आमशा पावरा नावाच्या माणसाला सरकारी योजनेतून घरकुल मिळालेले. नवे स्लॅबचे घर, पिवळा रंग, दारावर योजनेची पाटी. आणि त्या दारातून, खिडकीतून, बाहेर डोकावणाऱ्या बकऱ्या. शेजारी बांबूच्या कुडाची जुनी झोपडी, तिच्या छपरातून झिरपणारा चुलीचा धूर, आणि दोन्हींच्या मधोमध खाटेवर बसून दोरी वळणारा आमशा. हेमराज त्या दिवशी भलत्याच कामासाठी गेला होता, अंगणवाडीच्या इमारतीचा फोटो हवा होता. परतताना हे दिसले आणि त्याने गाडी थांबवली. उन्हाळ्यात स्लॅबखाली माणूस भाजून निघतो, कुडाच्या भिंतीतून वारा येतो, म्हणून माणसे झोपडीत आणि बकऱ्या, मका, चारा घरकुलात. त्या डोंगरात हे घरोघर होते आणि त्यात कुणाला काही गंमत वाटत नव्हती. गंमत हेमराजला वाटली. प्रेमानेच वाटली, तो थट्टा करायला गेला नव्हता. उन्हाची तिरीप खाटेवर येईपर्यंत तो थांबला, आमशाला म्हणाला तू तुझे काम करत राहा, आणि आमशा काम करत राहिला.

रविवारच्या पुरवणीत ते अर्धे पान छापून आले. मथळा कार्यालयात बसलेल्या कुणीतरी दिला, 'बकऱ्यांचे घरकुल'. लोकांना तो फार आवडला. आठवडाभर हेमराजचा फोन वाजत होता. आणि पंधरवड्याने तालुक्याचा साहेब गाडी घेऊन त्या पाड्यावर गेला. घरकुलात माणूस राहत नाही हे आता साऱ्या राज्याने पाहिले होते. बकऱ्या बाहेर काढा, जुनी झोपडी आठ दिवसांत पाडा, मग कुटुंबासह दारात उभे राहिलेला नवा फोटो वर पाठवायचा आहे, असे त्याने बजावले. झोपडी आमशाने स्वतःच्या हातांनी पाडली. हेमराजला हे कळले ते धडगावच्या बसस्टँडवर, चहा पिताना, एका शिक्षकाच्या तोंडून. तुमच्या बकऱ्या बेघर झाल्या बरं का, असे म्हणून शिक्षक हसला, आणि हेमराजही हसला. ते हसणे त्याला नंतर पुष्कळदा आठवले. विशेषतः बक्षीस घेताना, शाल अंगावर येत असताना, त्याचे ओठ तसेच पसरले होते हे त्याला जाणवले. एकदा जाऊन यावे, असे पहिल्या वर्षी वाटत राहिले. दुसऱ्या वर्षी, आता जाऊन काय बोलणार, असे वाटू लागले. पुढे पुढे तर धडगावच्या बाजूचे काम आले की तो दुसऱ्या कुणाला पाठवू लागला. घाटात गाडी तापते, असे सांगे.

आता, सभागृहात, सतराव्या चित्रातली बाई त्याच्याकडे मान वळवून पाहत होती. त्या परक्या छायाचित्रकाराला तरी दोन पहारेकरी होते. त्याला जे दिसले नाही त्याचा दोष तो त्यांच्यावर टाकू शकत होता, आणि निघून आल्यावर पुन्हा त्याच बाईपाशी जाणे त्याच्या हाती नव्हते. आपल्याला कुणी अडवले होते? प्रकाशा गावचा तापीवरचा पूल ओलांडला की तळोदा, तळोद्यानंतर चांदसैलीचा घाट, घाट उतरला की अर्ध्या दिवसात आमशाचे अंगण. त्या वाटेवर एकही चौकी नव्हती. तरी नऊ वर्षे त्याच्या आत कुणीतरी बसून होते, इकडे बघ, तिकडे बघू नकोस, असे अगदी सभ्यपणे सांगणारे.

त्याने चारुलता मॅडमना गाठले आणि सांगितले, फोटो लावण्याआधी मला त्या माणसाला विचारून यावे लागेल. मॅडम पाहुण्यांची यादी करत होत्या. त्यांना आधी ते पटेना. निमंत्रणपत्रिकेत छायाचित्राचा उल्लेख छापून झाला होता. शिवाय फोटो छापून, गाजून, जुना झालेला.

"हेमराजभाऊ, तुम्ही मोकळ्या देशातले फोटोग्राफर आहात," त्या हसून म्हणाल्या. "तुम्हाला परवानगी कशाला हवी?"

"म्हणूनच विचारली नव्हती, मॅडम."

त्यांनी पेन खाली ठेवले. नऊ वर्षांत तिथे काय झाले ते त्यांनी विचारले, आणि त्याने झोपडीचे सांगितले. बायकोलाही त्याने ते कधी सांगितले नव्हते. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या की शनिवारी सकाळपर्यंत मी दाराजवळची भिंत रिकामी ठेवते. तो नाही म्हणाला तर ती तशीच राहील, पत्रिकेत काय छापले आहे ते मी बघून घेईन.

शुक्रवारी सकाळी त्याने चौकट भिंतीवरून उतरवली, चादरीत गुंडाळली आणि मागच्या सीटवर आडवी ठेवली. होळी आठवड्यावर आली होती. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसे टेम्पो भरभरून परत येत होती, टपांवर पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, वर बसलेली पोरे. म्हणजे आमशा घरी असेल, असे त्याला वाटले, आणि तो नसला तर बरे, असेही त्याच क्षणी वाटले. घाटात पळसाला बहर आला होता. एरवी तो तीन ठिकाणी उतरला असता. आज तो मनात वाक्ये जुळवत होता, मोडत होता. माझ्या हातून चूक झाली. चूक कसली? फोटो खोटा होता का? फोटोत एकही गोष्ट खोटी नव्हती. बकऱ्या होत्या, घर होते, ऊन होते. खरे सांगूनही माणसाचे घर पाडता येते, हे त्याला कुणी शिकवले नव्हते, आणि शिकवले असते तरी त्या दुपारी, त्या तिरपेत, त्याने बटण दाबायचे थांबवले असते का, याची त्याला आजही खात्री देता येत नव्हती. हीच गोष्ट त्याला सर्वांत जास्त अस्वस्थ करत होती.

पिवळा रंग उडून गेला होता, पाटी वाकडी झाली होती. आमशा अंगणातच होता, केस पांढरे, तसाच शिडशिडीत. त्याने हेमराजला ओळखायला क्षणही लावला नाही. खाट पुढे ओढली, सुनेला, रुपाला, हाक मारून पाणी आणवले, आणि हेमराज पाणी पीत असताना शांतपणे बघत बसला. घरकुलाच्या मागे, रस्त्यावरून मुळीच दिसणार नाही अशा बेताने, बांबूच्या कुडाची एक झोपडी उभी होती आणि तिच्यातून धूर येत होता. हेमराजची नजर तिकडे गेलेली आमशाने पाहिली.

"आमशादादा, माझ्या फोटोमुळं तुमची झोपडी गेली," हेमराज म्हणाला. जुळवलेल्या वाक्यांपैकी हे एकही नव्हते.

"माहीत आहे. धडगावच्या बाजारात पेपर दाखवला मला, भजी बांधून दिली त्यात." आमशा थोडा हसला. "झोपडी मी परत बांधली. पण तू का नाही आलास दाखवायला?"

हेमराज उठून गाडीपाशी गेला आणि चौकट घेऊन आला. त्याने चादर सोडली. आमशाने चौकट मांडीवर घेतली आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसली. रुपा मागून वाकली, पलीकडच्या घरातली दोन माणसे आली, पोरे आली. हळूहळू बोलणे सुरू झाले, त्यांच्या पावरी बोलीत, हेमराजला अर्धे समजत होते. बोटे काचेवर फिरत होती. ही तांबडी बकरी, हिला नंतर बिबट्याने नेले. हा महू, मोहाचे झाड, तेव्हा केवढासा होता. ही खाट अजून आहे, हीच बघा, तुम्ही हिच्यावर बसला आहात. कुणी हसत होते, कुणी कुणाला दुरुस्त करत होते. आणि हेमराज, ज्याने परीक्षकांची भाषणे ऐकली होती, आपल्या चित्राबद्दल इतके अचूक आणि इतके आपुलकीने बोललेले प्रथमच ऐकत होता. पुरवणीत ज्यावर सगळे हसले त्या बकऱ्यांना इथे नावे होती.

मग आमशाने डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले, झोपडीच्या दाराशी, सावलीत. "हे काय आहे, सांग."

"बोचकं," हेमराज म्हणाला. "गोधड्यांचं."

रुपाने पदर तोंडाशी नेला.

"माझी आई आहे ती," आमशा म्हणाला. "तू कॅमेरा काढलास तेव्हा ती बोलली, हा माणूस जाईपर्यंत मी वळणार नाही. गोधडी ओढून पाठ करून बसली. तू दोन तास होतास."

"दोन तास?"

"दोन तास. तिनं पाणी पण नाही मागितलं."

परीक्षकांच्या मानपत्रात एक ओळ होती, ती हेमराजला पाठ होती: डाव्या बाजूचा गडद आकार संपूर्ण रचनेला तोलून धरतो. तो ती ओळ मनात म्हणून गेला आणि त्याचे कान तापले. नऊ वर्षे रोज, स्टुडिओचे दार उघडताना, त्याने त्या आकाराकडे पाहिले होते. एकदा तर तो कोपरा छाटून टाकावा असेही त्याच्या मनात आले होते. त्या अंगणात एकच माणूस असे होते ज्याला आपल्याकडे कोण आणि कशासाठी बघते आहे हे नेमके कळले होते, आणि त्याने नकार दिला होता. ओरडून नव्हे, उठून जाऊन नव्हे, आपल्या दारातली आपली जागा न सोडता.

"आता कुठे आहे ती?"

"गेली. चार वर्षं झाली. तिचा दुसरा फोटो नाही."

मग हेमराज जे विचारायला आला होता ते त्याने विचारले. नंदुरबारला मोठे प्रदर्शन आहे, दूरच्या देशातल्या माणसांचे फोटो आहेत, फार चांगले आहेत, उद्या तिथे हा लावायचा आहे, तुम्ही हो म्हणाल तर. तिथे कोण येतात, ते आमशाने विचारून घेतले.

"ती माणसं ओळखतील हिला?"

"नाही," हेमराज म्हणाला.

"मग हिथंच राहू दे."

रुपाने आतून हातोडी आणि दोन खिळे आणले. घरकुलाच्या आतल्या भिंतीपाशी, मक्याच्या कणसांच्या ढिगाशेजारी, हेमराज सवयीने खांद्याच्या उंचीवर जागा चाचपू लागला, तेव्हा आमशाने त्याचा हात धरून खाली आणला. "इतका वर नको. ती बसलेली आहे ना. आपण बसल्यावर समोर यायला पाहिजे."

हेमराज गुडघ्यांवर बसला. पहिला खिळा सिमेंटमध्ये वाकला, दुसरा गेला. चौकट टांगून, कोपरा सारखा करून तो तसाच मागे सरकला आणि पोरांच्या मध्ये जमिनीवर बसला. तिथून बघताना बकऱ्या, पाटी, खाट, ज्या उन्हासाठी तो थांबला होता ते ऊन, यांतले काहीही आधी दिसले नाही. आधी ती पाठ दिसली, ताठ, कुणासाठीही न वळलेली.